‘पार्सल रिकामंच आलं’ : आत काय होतं हे पाठवणाऱ्याने सिद्ध कसं करायचं?

अंबाजोगाईहून इन्स्टाग्रामवर साड्या विकणारी एखादी गृहिणी, माजलगावातून जुना मोबाईल पुण्याच्या ग्राहकाला पाठवणारा तरुण, परळीहून लेकीच्या सासरी दागिना धाडणारे वडील. तिघांचे व्यवहार वेगळे असले तरी एक मेसेज तिघांच्याही फोनवर येऊ शकतो : ‘पार्सल मिळालं, पण आत काहीच नव्हतं.’

असा मेसेज आला की पाठवणारा आधी पावती शोधतो. पावती सापडते, तिचा फोटो समोरच्याला जातो, आणि समोरून उत्तर येतं, ‘पार्सल आलंच नाही असं मी कुठे म्हणतोय? ते रिकामं आलं.’ भांडण इथून सुरू होतं, आणि पावती नेमकी याच प्रश्नाचं उत्तर देत नाही.

पावती कशाचा पुरावा आहे?

टपाल खात्याच्या किंवा कुरिअरच्या पावतीवर तारीख, वेळ, बुकिंग झालेलं कार्यालय, पत्ता, ट्रॅकिंग क्रमांक, वजन आणि घेतलेले पैसे असतात. अमुक दिवशी अमुक वजनाची एक बंद वस्तू अमुक पत्त्यावर रवाना झाली, एवढंच ती सांगते. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याच्या हातात डबा येतो तोच चिकटपट्टी लावलेला, त्यामुळे आत मोबाईल आहे की साबणाची वडी हे त्याला माहीत नसतं. डब्यावर ‘सॅमसंग मोबाईल’ असं लिहिलं, तरी ते पाठवणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं ठरतं.

कागदावर शिक्का आहे म्हणजे पुरावा झाला, हा समज जुना आहे. पूर्वी पोस्टात ‘अंडर पोस्टिंग सर्टिफिकेट’ मिळायचं. साधं पत्र टाकल्याचा तो स्वस्तातला दाखला होता आणि कोर्टकचेऱ्यांत सर्रास दाखवला जायचा. १९९४ मध्ये शिवकुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, असे शिक्के मिळवणं अवघड नसतं, म्हणून केवळ अशा दाखल्यावर वाद निकाली काढणं सुरक्षित नाही, असं नोंदवलं. २०११ मध्ये टपाल खात्याने ही सेवाच बंद केली.

१ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या दररचनेत स्पीड पोस्टसाठी ५ रुपये आणि त्यावरचा जीएसटी भरून ओटीपी देऊनच वाटप करण्याची सोय घेता येते. ‘मला मिळालंच नाही’ या तक्रारीवर ती चांगली आहे. रिकाम्या डब्याच्या वादात मात्र ओटीपीने पार्सल कोणाच्या हातात पडलं एवढंच ठरतं.

मग सिद्ध कोणी करायचं? भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १०४ प्रमाणे जो एखादी गोष्ट घडली म्हणतो, त्याच्यावर ती सिद्ध करण्याचा भार असतो. कलम १०९ सांगतं की जी गोष्ट विशेषतः एकाच माणसाच्या माहितीत आहे, ती त्याने सिद्ध करावी. डबा बंद करताना आत काय होतं हे पाठवणाऱ्याला ठाऊक असतं आणि उघडताना काय निघालं हे घेणाऱ्याला. मधल्या प्रवासातलं दोघांनाही काही माहीत नसतं. त्यामुळे दोघांचाही शब्द सारख्याच किमतीचा राहतो आणि निकाल लागतो तो शब्दाबाहेरच्या गोष्टींवर.

सगळ्यात मोठा साक्षीदार : वजन

या शब्दाबाहेरच्या गोष्टींमध्ये वजन पहिलं. ते तिसऱ्या माणसाने, तक्रार होण्याच्या आधी आणि कोणाच्याही बाजूने न बोलता नोंदवलेलं असतं.

माजलगावच्या मोबाईलचंच उदाहरण घेऊ. समजा खोका ११० ग्रॅम, आतले कागद आणि फुग्यांचं प्लॅस्टिक ४५ ग्रॅम, चिकटपट्टी १० ग्रॅम आणि मोबाईल १९५ ग्रॅम. एकूण ३६० ग्रॅम. पोस्टाच्या पावतीवर ३६० छापलं गेलं, तर डबा रिकामा नव्हता हे खुद्द पोस्टाचा काटा सांगतो. रिकामा डबा १६५ ग्रॅमच्या वर गेला नसता.

आता पोहोचताना वजन किती होतं, यावर वादाची दिशा ठरते. तेव्हाही ३६० असेल, तर वाटेत चोरी झालेली नाही. मग घेणारा खोटं बोलतोय किंवा पाठवणाऱ्याने मोबाईलच्या वजनाचं दुसरंच काही भरलं, असे दोनच रस्ते उरतात. पोहोचताना १६५ असेल, तर घेणारा खरं बोलतोय आणि माल वाहतूक करणाऱ्याच्या ताब्यात असताना गेला. एकाच आकड्याने एकदा पाठवणारा ग्राहकाच्या खोट्या आरोपातून सुटतो आणि एकदा कुरिअरकडे भरपाई मागू शकतो. म्हणून ग्राहकावर चिडण्याआधी दोन्ही वजनं हातात हवीत.

इथे एक मेख आहे. पोस्टाची पावती ग्रॅममध्ये वजन दाखवते, पण बऱ्याच खासगी कुरिअरच्या पावतीवर ‘अर्धा किलोपर्यंत’ असा दराचा टप्पाच लिहिलेला असतो. ३६० आणि १६५ दोन्ही त्यातच बसतात, म्हणजे पुरावा म्हणून त्या आकड्याचा काही उपयोग नाही. मोठ्या पण हलक्या खोक्याला कधी आकारमानावरून काढलेलं वजन लागतं, तेही खरं वजन नसतं. काउंटरवर ‘काट्यावरचं वजन ग्रॅममध्ये लिहून द्या’ असं म्हणायला लाज वाटण्याचं कारण नाही. लिहून देत नसतील, तर काट्यावर ठेवलेल्या डब्याचा, पत्ता आणि आकडा दोन्ही दिसतील असा फोटो घ्यावा.

ऑनलाइन विक्रेत्यांना आणखी एक गोष्ट ओळखीची असते. मोठ्या कुरिअर कंपन्यांच्या केंद्रांवर यंत्र प्रत्येक डबा पुन्हा मोजतं आणि वजन जास्त निघालं की विक्रेत्याच्या खात्यातून जादा पैसे कापले जातात. या कपातीच्या नावाने विक्रेते बोटं मोडतात. पण त्याचा अर्थ वाटेतल्या वजनाची नोंद कंपनीकडे असते. पैसे कापताना जी नोंद दाखवता येते, ती तक्रारीच्या वेळीही मागता येते.

व्हिडिओ, आणि जालन्याचा निकाल

वजन डबा भरलेला होता हे सांगतं, कशाने भरला होता हे सांगत नाही. ते काम व्हिडिओचं. पण ‘पॅकिंगचा व्हिडिओ आहे’ म्हणणाऱ्या अनेकांच्या व्हिडिओत टेबलावर साडी दिसते, मग कट, मग बंद डबा. मधल्या कटमध्ये काय झालं, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच.

उपयोगी व्हिडिओ एकसलग असतो. रिकामा खोका उलटा करून दाखवला जातो, वस्तू कॅमेऱ्याजवळ येते, आत ठेवली जाते, झाकण आणि तळ दोन्हीकडची चिकटपट्टी लागते, पट्टीच्या जोडावरून आडवी सही होते, पत्त्याची चिठ्ठी चिकटते आणि शेवटी डबा काट्यावर जातो. सही अर्धी पट्टीवर, अर्धी पुठ्ठ्यावर हवी, म्हणजे पट्टी काढून नवी लावली तर रेषा जुळत नाही. तळाकडे दुर्लक्ष नको. चोर वरून उघडेलच असं नाही.

वस्तूची ओळख पटेल असा क्रमांक दिसला तर व्हिडिओची किंमत वाढते. मोबाईलवर *#०६# डायल केलं की आयएमईआय क्रमांक दिसतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय तो विकता येत नाही. साडीला असा क्रमांक नसतो, तिथे पदराची नक्षी, काठाची वीण, एखादा डाग किंवा धागा जवळून टिपावा आणि खरेदीचं बिल जोडून ठेवावं.

असा व्हिडिओ कायद्यासमोर कसा ठेवायचा, यावरचा देशभर लागू असलेला महत्त्वाचा निकाल बीडच्या शेजारून, गोदावरीपलीकडच्या जालन्यातून आला आहे. त्या खटल्याचा पार्सलशी संबंध नाही, तो निवडणुकीचा आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ ची मुदत संपल्यावर दाखल झाले, असा आक्षेप पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांनी घेतला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात कॅमेरे होते आणि चित्रण उपलब्ध होतं, पण त्याच्या सीडीसोबत लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवड रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला.

उच्च न्यायालयाचा निर्णय कायम राहिला, पण त्याहून दूरगामी ठरला तो पुराव्याचा नियम. मूळ उपकरण, म्हणजे ज्या फोनमध्ये चित्रण झालं तोच फोन, त्याच्या मालकाने साक्षीला उभं राहून हजर केला तर वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. सीडी, पेनड्राइव्ह किंवा छापील प्रत दिली, तर कायद्यातलं प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्र दुसऱ्याच्या हातात असेल आणि मागणाऱ्याने सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तर त्याला सूट मिळू शकते. तेव्हा हे प्रमाणपत्र जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली होतं. १ जुलै २०२४ पासून ते नव्या अधिनियमाच्या कलम ६३ खाली आहे आणि त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिलाय. ‘अ’ भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. त्यात फाइलचं हॅश मूल्यही लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणता येईल. फाइलमध्ये तिळभर बदल झाला तरी तो बदलतो.

घरगुती विक्रेत्यासाठी याचा अर्थ सोपा आहे. ज्या फोनने व्हिडिओ काढला, त्यातली मूळ फाइल पुसायची नाही आणि वाद चालू असताना तो फोन विकायचा नाही. व्हिडिओवर गाणं, स्टिकर, दुकानाचं नाव चढवायचं असेल तर वेगळ्या प्रतीवर. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाइल दाबून लहान केली जाते, म्हणून पाठवायची असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. त्याच दिवशी स्वतःच्या ईमेलवर किंवा ड्राइव्हवर एक प्रत टाकली, तर ती तारीख तक्रारीच्या आधीची असल्याचं दाखवता येतं.

घेणाऱ्याकडूनही हल्ली डबा उघडतानाचा व्हिडिओ मागितला जातो. असा व्हिडिओ नसेल तर तक्रारच करता येत नाही, असं कोणताही कायदा म्हणत नाही. नसेल तर तक्रार कमजोर होते, इतकंच. डबा फाटलेला, ओला किंवा संशयास्पद हलका वाटला, तर पोस्टात पोस्टमास्तरांसमोर उघडून ताबा घेण्याची आणि आतल्या वस्तूंची यादी करण्याची मागणी करता येते. यादीवर दोघांच्या सह्या झाल्या, की रिकामा डबा खरोखर रिकामा होता याला साक्षीदार मिळतो.

मेसेज आल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस

‘तुम्ही खोटं बोलताय’ असं लिहून टाकण्याचा मोह आवरावा. तो मेसेजही पुढे पुरावा होतो. त्याऐवजी घेणाऱ्याकडून डब्याच्या सहाही बाजूंचे, पत्त्याच्या चिठ्ठीचे आणि सहीच्या जोडाचे फोटो मागावेत आणि खोका, पट्टी, कागद काहीही फेकू नका असं लेखी कळवावं. सगळं पॅकिंग जवळच्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवून फोटो पाठवायला सांगता येतं. खरा त्रासलेला ग्राहक सहसा हे करतो. ‘खोका टाकून दिला’ असं उत्तर आलं, तर त्याचीही नोंद राहते.

त्याच दिवशी वाहतूक करणाऱ्याकडे लेखी तक्रार जायला हवी. बुकिंगचं वजन, वाटेत प्रत्येक केंद्रावर नोंदलेलं वजन आणि काउंटरचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा, अशी मागणी तीत असावी. चित्रणावर नवं चित्रण चढत जातं; महिनाभराने मागितलं तर मिळेलच असं नाही. पार्सल पोस्टाचं असेल तर बीड विभागाच्या डाक अधीक्षकांकडे तक्रार करता येते, आणि नोंदी मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज हाताशी आहेच. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी त्याचं शुल्क १० रुपये आहे.

मोबाईल गेला असेल तर आणखी एक वाट आहे. पोलिसांत तक्रार देऊन तिच्या प्रतीसह ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवर आयएमईआय बंद करण्याची विनंती करता येते. तो फोन नंतर कुठे सुरू झाला तर माग काढता येतो. ‘डबा रिकामा होता’ म्हणणाऱ्याच्याच सिमवर तो सुरू झालेला निघाला, तर पुढचं फारसं बोलावं लागत नाही. मग प्रकरण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालच्या फसवणुकीचं होतं. माल वाहतूकदाराच्या माणसाने काढला असेल, तर कलम ३१६(३) लागू शकतं. वाहक म्हणून सोपवलेल्या मालाच्या अपहाराला तिथे सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

भरपाई किती मिळते?

इथे अनेकांची निराशा होते. दहा हजारांची साडी गेली म्हणून दहा हजार मिळतील, असं नाही.

टपाल खात्याला १८९८ च्या कायद्याने मोठं संरक्षण दिलं होतं. हरवणं, उशीर, नुकसान यांची जबाबदारी खात्यावर नाही, आणि कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून केलं असेल तरच त्या कर्मचाऱ्यावर. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या नव्या डाकघर अधिनियमातही नियमांत ठरवून दिलेल्या मर्यादेपुरतीच जबाबदारी आहे. स्पीड पोस्टची वस्तू किंवा आतला माल हरवला, तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातली कमी रक्कम असा नियम वर्षानुवर्षे चालत आला आहे. म्हणून किमती वस्तू विमा उतरवून पाठवावी. विम्याची रक्कम वस्तूच्या खऱ्या किमतीपेक्षा जास्त लिहिता येत नाही, आणि विमा उतरवला म्हणून आत काय होतं हे आपोआप सिद्ध होत नाही. बिल आणि व्हिडिओ लागतातच.

खासगी कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरांत मर्यादा छापलेली असते. भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या १९९६ च्या निकालात, ग्राहकाने सही केलेल्या पावतीवरची १०० डॉलरची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली. ग्राहकाची सहीच नाही किंवा अट त्याला समजावलीच नाही, अशा प्रकरणांत मात्र ग्राहक आयोगांनी ती मर्यादा नाकारल्याचीही उदाहरणं आहेत. सही करण्याआधी मागची बाजू वाचावी, आणि ‘घोषित किंमत’ हा रकाना कोरा सोडू नये.

रस्त्याने माल नेणाऱ्यांसाठी २००७ चा कायदा आहे आणि त्याच्या व्याख्येत कुरिअरही येतं. जादा जोखमीचा दर भरलेला नसेल तर जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित होते. ६० रुपयांच्या पार्सलला ६०० रुपये. शिवाय दाव्याआधी, बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत, लेखी नोटीस द्यावी लागते. ‘बघतो, करतो’ ऐकत सहा महिने गेले की कंपनीचा वकील हाच मुद्दा आधी काढतो.

आणि बीड जिल्ह्यात रोज दिसणारा तिसरा प्रकार : पुण्या-मुंबईला जाणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरच्या हातात पिशवी द्यायची, शंभर रुपये द्यायचे आणि गाडीचा नंबर पुढे कळवायचा. पावती नाही, वजन नाही. पोहोचतं तेव्हा उत्तमच पोहोचतं. नाही पोहोचलं तर हातात उरतो तो फोनवरचा संवाद. म्हणून निदान गाडीच्या नंबरासह पिशवीचा फोटो ड्रायव्हरच्याच व्हॉट्सॲपवर टाकून ‘मिळाली’ असं उत्तर घ्यावं आणि शंभर रुपये रोख न देता यूपीआयने द्यावेत.

‘लिफाफ्यात कोरा कागद होता’

हाच वाद कागदाच्या रूपात जुना आहे. चेक न वटल्याची नोटीस, घर रिकामं करण्याची नोटीस, शेताच्या बांधाची नोटीस मिळाल्यावर काही जण म्हणतात, पाकीट आलं, आत कोरा कागद होता. योग्य पत्त्यावर पाठवलेलं टपाल पोहोचलं असं न्यायालय गृहीत धरू शकतं, पण आतला मजकूर पाठवणाऱ्याने आपल्याकडच्या प्रतीवरूनच दाखवायचा असतो. म्हणून नोटीस गेली त्याच दिवशी तीच नोटीस ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही पाठवावी आणि सोबत स्पीड पोस्टचा क्रमांक लिहावा. पाकीट चार दिवसांनी पोहोचेल तेव्हा मजकूर आधीच समोरच्याच्या फोनवर असेल.

बीडमध्ये दाद कुठे?

आधी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. खरेदी ऑनलाइन मंचावरून असेल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. तरीही सुटलं नाही तर बीडचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. कुरिअरचं मुख्य कार्यालय मुंबईत वा दिल्लीत असलं तरी गेवराई-आष्टीच्या माणसाला तिकडे जावं लागत नाही. सेवेसाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि इथे ती रक्कम म्हणजे पार्सलचं भाडं. तक्रार ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे.

विक्रेता ‘ग्राहक’ कसा, असा आक्षेप कुरिअर कंपनी घेऊ शकते, कारण व्यापारी हेतूने घेतलेली सेवा कायद्याच्या बाहेर आहे. पण केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगार म्हणून विकत घेतलेल्या वस्तूंचा वापर कायद्यानेच व्यापारी हेतूतून वगळला आहे. घरातून साड्या विकणाऱ्या बाईने तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात हे एक वाक्य लिहायला विसरू नये. आयोगाचं काम मुख्यतः प्रतिज्ञापत्र आणि कागदपत्रांवर चालतं, म्हणून वजनाची पावती, बिल, व्हिडिओची प्रत व कलम ६३ चं प्रमाणपत्र, खोक्याचे फोटो आणि मेसेजचा तारीखवार क्रम तक्रारीलाच जोडावा. खोका परत आला असेल तर तो जसा आहे तसाच, नवी पट्टी न लावता, मोठ्या पिशवीत बांधून ठेवावा.